बिभीषणरावांच्या बिनगव्हाच्या वड्या

बिभीषणराव औताडे हे नाव ऐकून माणसाला वाटतं, असेल कुणी मिशीला पीळ देणारा. प्रत्यक्षात हा गृहस्थ झुरळ दिसलं तर आपणच बाजूला होऊन त्याला वाट करून देणारा. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी एकाच भीतीत गेली, ती म्हणजे कालवा फुटेल. पाणी सुटलं की हे भरावावरून चालत निघायचे. प्रत्येक खेकड्याच्या बिळापाशी वाकायचे, माती दाबून बघायचे, पुढं गेल्यावर शंका आली की परत मागं यायचे. कालवा एकदाही फुटला नाही. खातं म्हणालं, बांधकाम पक्कं होतं. बिभीषणराव मनात म्हणाले, मी पक्का भ्यालो होतो. आता निवृत्त होऊन कोपरगावात फ्लॅट घेतला, तर भ्यायला धड कालवाही उरला नाही. पण भिणाऱ्या माणसाला देव काही कमी पडू देत नाही.

एप्रिल संपता संपता पुण्याहून दीपाचा फोन आला. दीपा म्हणजे त्यांची एकुलती एक लेक.

"बाबा, मी आणि संस्कृती आठवडाभर येतोय. तिचं सगळं खाणं मी बरोबर आणणार आहे. तुम्ही काही म्हणजे काही करू नका."

आता हे सांगायचं कुणाला? नात येणार म्हटलं की जो माणूस आधीपासून राहात्याच्या पेरूसाठी निरोप धाडतो, त्याला! अहो, काही करायचंच नसेल तर घरात आजोबा ठेवलाय कशाला, शोभेला? बिभीषणरावांना हे फार लागलं. लागलं, पण बोलता येईना, कारण दीपाचंही खरं होतं.

नऊ वर्षांच्या संस्कृतीला हिवाळ्यात एक आजार निघाला होता. गव्हात ग्लुटेन म्हणून काही असतं, ते तिच्या आतड्यांना सोसत नव्हतं. पोळी, बिस्कीट, शेवया, रवा, मैदा, सगळं बंद. आणि हे बंद म्हणजे आपल्याकडं साखर बंद असलेला माणूस लग्नात दोन जिलब्या उचलतो, तसलं बंद नव्हे. कणभरही नाही. मैत्रिणीच्या वाढदिवसाला केकच्याच सुरीनं चिरलेलं सफरचंद खाल्लं, तर पोर दवाखान्यात सलाईनवर पडली. तेव्हापासून ती दुसऱ्याच्या घरी पाणीसुद्धा आपल्या बाटलीतलंच प्यायची.

"एकदा जरी तिला त्रास झाला ना बाबा," दीपा म्हणाली, "तर मी आल्या पावली तिला परत नेईन. मग मला बोल लावू नका."

मागून संस्कृतीनं फोन ओढून घेतला. "आजोबा, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी तुमच्याकडचं काहीच खाणार नाहीये."

पोरीनं हे धीर द्यायला म्हटलं. बिभीषणरावांना मात्र तो धीर पचेना. आजोळी यायचं आणि आजोळचं काहीच खायचं नाही! बिचारी सुट्टीला येणार की ऑडिटला?

"तुला चालतं तरी काय गं बाळा?"

"खूप चालतं. फ्रोझन योगर्ट बाइट्स चालतात. दही आणि फळं मिसळून गोठवायची, बस. घरीपण होतात."

"मग मी करतो!" बिभीषणराव म्हणाले.

तोंडातून शब्द गेला आणि त्यांच्या कपाळाला घाम फुटला. आयुष्यात ज्या माणसानं 'मी बघून सांगतो' यापलीकडं कुणाला वचन दिलं नव्हतं, त्यानं हे काय करून ठेवलं? पण पलीकडून पोरगी इतकी आनंदानं ओरडली, की आता माघार घ्यायची सोय राहिली नाही.

"तुम्ही करणार?" मुक्ताबाई म्हणाल्या. मुक्ताबाई म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती. "परवा दुधावर लक्ष ठेवा म्हटलं तर ते उतू जाताना बघत उभे होतात."

"लक्षच ठेवत होतो," बिभीषणराव म्हणाले. हेही खोटं नव्हतं.

दीपानं मग मोबाईलवर सूचना पाठवल्या. भांडी वेगळी, चमचे वेगळे, फडकं वेगळं, ओट्याचा कोपरा वेगळा. शेवटची सूचना अशी होती, की हिंगसुद्धा बघून घ्या, भुकटीच्या हिंगात पीठ मिसळलेलं असतं. बिभीषणरावांनी हिंगाची डबी भिंगाखाली धरली. खरंच की! त्या एवढ्याशा डबीवर बारीक अक्षरात गहू छापलेला होता. ते मटकन खुर्चीत बसले. इतकी वर्षं वरणात, भाजीत, कढीत हा गहू आपल्या घरात नाव बदलून राहत होता आणि आपल्याला पत्ता नाही! त्या दिवसापासून त्यांना जिकडंतिकडं गहू दिसायला लागला. पोळपाटाच्या फटीत गहू. मिक्सरच्या झाकणात गहू. मुक्ताबाईंच्या बांगड्यांच्या मध्ये गहू. संध्याकाळी फिरायला गेले तर गिरणीवरून जायचा रस्ता सोडून गोदावरीच्या बाजूनं लांबचा फेरा घालून यायला लागले.

पहिला पेच दह्याचाच पडला. यांच्या घरी विरजण यायचं ते समोरच्या भागिरथीकाकूंकडून. काकूंचं दही म्हणजे सुरीनं कापावं असं. पण काकू विरजण द्यायच्या त्या बोटानं, आणि ते बोट त्याच्या आधी कणकेत असायचं, हे बिभीषणरावांनी डोळ्यांनी पाहिलेलं.

"मग विकतचं आणू," ते म्हणाले.

"घरात म्हशीचं दूध असताना विकतचं दही?" मुक्ताबाईंनी असं बघितलं, की त्यांनी विषय सोडला. शेवटी कोमट दुधात हिरव्या मिरचीचे देठ टाकून विरजण करायचं ठरलं. आपल्या जुन्या बायका करायच्या तसं. झालंही. दही चांगलं लागलं. फक्त बिभीषणराव दिवसभर दही बघत होते, की तिखट तर नाही ना होणार, आणि दर थोड्या वेळानं बोट बुडवून चाखत होते. मुक्ताबाईंनी भांडं उचलून कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली.

मग चक्का बांधायला फडकं. जुनी फडकी बाद, कारण त्यांत कधीतरी पीठ गाळलेलं. नवं मलमल आणलं, तर ते कडक लागलं. कडक का? खळ असणार. आणि खळ कशाची असते? पिठाची! बिभीषणरावांचं धाबं दणाणलं. ते मलमल त्यांनी इतक्या वेळा उकळलं, की शेवटी त्यातून चक्काच खाली पडेल असं वाटायला लागलं. पण पडला नाही. टांगला. निथळला. त्यात डाळिंबाचे दाणे, चिकूच्या फोडी आणि आंब्याचा रस घातला, थोडी साखर घातली, आणि पसरट ताटलीत चमच्यानं एकेक वडी सोडून ती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात सरकवली.

त्या दुपारी वीज गेली. मे महिन्यातली कोपरगावची वीज गेली म्हणजे ती कुठं गेली, कधी येणार, हे विचारायचं नसतं. बिभीषणरावांनी मात्र वीज कचेरीत फोन लावून विचारलं.

"काय खोळंबलंय काका तुमचं?" पलीकडच्या माणसानं विचारलं.

"दह्याच्या वड्या आहेत. नातीच्या."

पलीकडं वहीची पानं चाळली गेली. मग आवाज आला, "तक्रार कुठल्या प्रकारात लिहू? घरगुती की शेतीपंप?"

वीज आली तेव्हा ताटलीत चिकूच्या फोडी पांढऱ्या पाण्यात पोहत होत्या. आता टाकून कसं द्यायचं? अन्न आहे. आणि बिभीषणरावांच्या घरात अन्न टाकायची पद्धत नाही. त्यांनी ते सगळं फुलपात्रानं पिऊन टाकलं आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा घसा बसला.

दुसरी खेप त्यांनी सहादेवच्या डीप फ्रीजरमध्ये नेली. सहादेवचं कोपऱ्यावर कोल्ड्रिंकचं दुकान. पोरगा मोठा मनमिळाऊ. त्यानं लगेच एक कोपरा रिकामा करून दिला. बिभीषणराव "उपकार झाले" म्हणून वळले आणि त्यांची नजर वर गेली. फ्रीजरच्या बरोबर वर, फळीवर, आईस्क्रीमचे कोन! एकात एक घालून रचलेले मैद्याचे कोन! म्हणजे नातीच्या वड्यांच्या डोक्यावर गव्हाची टांगती तलवारच की ही!

ते तिथंच स्टूल ओढून बसले. कुणी कोन मागितला की हे उठायचे आणि फ्रीजरच्या झाकणावर दोन्ही हात पसरून आडवे पडायचे. पोरं खिदळायला लागली. एका बाईनं सहादेवला हळूच विचारलं, की काकांना फिट येती का?

"काका," सहादेव हात जोडून म्हणाला, "तुमी घरी जा बरं. हिथं कोन गहू पेरतंय का? मी हाय ना."

"चुरा पडतो रे कोनाचा. चुरा दिसत नाही."

"दिसत न्हाई मंग तुमाला कसा दिसतोय?"

बिभीषणरावांनी स्टूल फ्रीजरच्या आणखी जवळ ओढलं. तेवढ्यात एका पोरानं कोनाचा खालचा शेंडा मोडून उघड्या फ्रीजरवर वाकून आतलं आईस्क्रीम निवडायला सुरुवात केली, आणि बिभीषणराव "अरे अरे अरे!" करत ताटली उचलून पळाले. शेंड्याचा चुरा ताटलीत पडला की नाही, हे देवाला माहीत. ज्याची खात्री नाही ते नातीला द्यायचं नाही. दुसरी खेपही त्यांनीच खाल्ली. त्या रात्री त्यांचे दात इतके ठणकले, की मुक्ताबाईंनी लवंग दिली, आणि लवंगेच्या पुडीवर काय लिहिलंय ते ते अंधारात वाचायला लागले.

एवढ्यात आणखी एक संकट उभं राहिलं, आणि तेही थेट डोक्यावर. मे महिना म्हणजे वाळवणाचा महिना. बिल्डिंगची गच्ची एकच, आणि तिच्यावर भागिरथीकाकूंच्या पुढारपणाखाली सगळ्या बायकांनी कुरडयांचा घाट घातलेला. कुरडई म्हणजे गहू! तीन दिवस भिजवलेला, वाटलेला, गाळलेला गहू, त्याचा चीक शिजवून उन्हात घातलेला! खाली यांची नात येणार आणि वर गव्हाचं आभाळ. वाऱ्यानं एक तुकडा खिडकीतून आत आला म्हणजे?

बिभीषणरावांनी सोसायटीच्या सचिवांकडं अर्ज दिला. सचिव वैजनाथ सर, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"विषय, गच्चीवरील गव्हाच्या सावटाबाबत," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "औताडे, यात दोन गोष्टी आहेत. एक, गच्ची सामाईक आहे. दोन, गहूही एका परीनं सामाईक आहे. मला सभा बोलवावी लागेल."

सभा गच्चीवरच झाली, कुरडयांच्या मधोमध. पुरुष कोपऱ्यात उभे, बायका कुरडया घातलेल्या साड्यांच्या कडेनं बसलेल्या. बिभीषणरावांनी हात जोडून आजार समजावून सांगितला.

"म्हंजी आमचा गहू काय उडून येतोय व्हय तुमच्या घरात?" भागिरथीकाकू म्हणाल्या. काकूंचा आवाज असा, की खाली रस्त्यावरचा टेम्पोवाला थांबून वर बघायचा. "आमी कोपरगावात इतकी वर्सं कुरडया घालतोय. आजवर कुनाच्या नाकात गेली न्हाई."

"काकू, कणभरसुद्धा..."

"अहो, पोरगी हाय का तराजू?"

सगळ्या हसल्या. बिभीषणरावांचे कान तापले. वैजनाथ सरांनी टाळी वाजवून शांतता केली आणि निर्णय दिला, की नात असेपर्यंत कुरडया गच्चीच्या पश्चिमेला सरकवाव्यात, औताड्यांच्या खिडक्या पूर्वेला आहेत. वारा कुठून येतो, याची चर्चा पुढच्या सभेत. बायकांनी कुरडया सरकवल्या, पण त्यानंतर जिन्यात भेटल्यावर कुणी बिभीषणरावांशी बोलेना. माणसाची इज्जत आणि नातीचं पोट यांत काय निवडायचं, असा प्रसंग त्यांच्या नोकरीत कधी आला नव्हता. त्यांनी पोट निवडलं आणि मान खाली घालून जिना चढत राहिले.

पण काकूंचं मन काही वाईट नव्हतं. संस्कृती येण्याच्या दोन दिवस आधी त्या स्वतःच दारात उभ्या राहिल्या.

"भाऊ, माज्या पोरानं मला दोन दारांचा फ्रीज घिऊन दिलाय. वीज गेली तर त्याला इन्व्हर्टर हाय. वरचा सगळा कप्पा मी तुमच्यासाठी धुवून ठिवलाय. गरम पान्यानं, दोनदा. पोरीचा खाऊ तिथं ठिवा. काय तुमचं ते ग्लुटन-बिटन म्या आत येऊ द्यायची न्हाई."

बिभीषणरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिसरी खेप त्यांनी पहाटे उठून, अंघोळ करून, नवी बनियन घालून केली. वड्या गोठल्या तशा त्यांनी नव्या स्टीलच्या डब्यात भरल्या. आंब्याचा रस संपला, डाळिंबाचे दाणे कमी पडले, म्हणून पांढऱ्याच जास्त. डबा अर्धा भरला. अर्धा तर अर्धा. झाकण लावून काकूंच्या धुतलेल्या कप्प्यात त्यांनी तो ठेवला आणि नोकरी लागली त्या दिवशी आली होती तशी गाढ झोप त्यांना दुपारी आली.

दुसऱ्या दिवशी दीपा आणि संस्कृती आल्या. पोर वाळली होती, डोळे मोठे दिसत होते. आल्या आल्या तिनं आजीच्या गळ्यात हात टाकले, आणि मग आपली पिशवी स्वयंपाकघराच्या दारात ठेवून आत न जाता उभी राहिली. आत गहू असतो, हे कुणी न सांगता तिला कळत होतं. बिभीषणरावांना ते बघवेना.

"थांब, तुझा खाऊ आणतो," ते म्हणाले आणि समोरच्या दारात गेले. काकूंनीच डबा आणून दिला. डबा पुसलेला, वर ओढणीचा स्वच्छ तुकडा टाकलेला. काकू मागोमाग यांच्या घरात आल्या, कारण पोरीचं तोंड बघायचं होतं. जिन्यात वैजनाथ सर भेटले, तेही आले.

संस्कृतीनं हात धुतले, पुसले, आणि तळहात पुढं केला. दीपा तिच्या मागं येऊन उभी राहिली. बिभीषणरावांनी झाकण उघडलं.

डबा काठोकाठ भरलेला होता.

पांढऱ्याशुभ्र चौकोनी वड्या, एकीला एक लागून, वरपर्यंत. बिभीषणराव बघत राहिले. आपण अर्धा ठेवला होता. फ्रीजमध्ये दही वाढतं का? दही काय पोटच्या पोरासारखं वाढतं? आणि आपल्या वड्या चमच्यानं सोडलेल्या, गोल. या चौकोनी कशा?

संस्कृतीची बोटं डब्यात गेली होती.

"थांब!!" बिभीषणराव असे ओरडले, की स्वतःच दचकले. डबा त्यांनी छातीशी धरला. पोरगी हात मागं घेऊन आईला चिकटली.

"काकू," ते काकूंकडं वळले, "यात काय घातलंत?"

"का वं?" काकू समाधानानं म्हणाल्या. "अर्धा डबा परत द्यायचा व्हय? नात वर्साची आली, आन् आमच्या घरातनं अर्धा डबा! बरं दिसतंय का ते? म्या वरनं भरून दिला. चीक शिजवला, दूध-साखर घातली, ताटात थापून वड्या पाडल्या, आन् तुमच्यासारख्याच गोठवल्या. वळखू तरी येत्यात का बघा."

चौकोनी नसत्या तर ओळखू आल्याच नसत्या! बिभीषणरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी झाकण दाबून बसवलं. अजून एक क्षण, आणि...

"काकू, चीक म्हणजे गहू!" दीपा किंचाळली.

"ह्यात कुठाय गहू?" काकू आता रागावल्या. "गहू भिजवला, वाटला, पिळला, चोथा सगळा फेकून दिला. राहिलं ते नुस्तं पांढरं पानी. मला काय कळत न्हाई व्हय? गहू चालत न्हाई म्हून तर म्या गहू काढून टाकला त्यातला!"

वैजनाथ सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. काकूंच्या बोलण्यात चूक नेमकी कुठं आहे, ते शोधायला त्यांना वेळ लागत होता. बिभीषणराव तर नुसते डबा धरून उभे. समजावून सांगायचं ते सगळं गच्चीवर सांगून झालं होतं.

तेव्हा मुक्ताबाई पुढं आल्या. आवाज अजिबात न चढवता त्यांनी विचारलं, "काकू, हा चीक एकादशीला चालेल का हो?"

"अगं बाई!" काकूंनी कानाला हात लावले. "एकादशीला चीक? काय बोलतीस मुक्ते! उपास मोडंल की!"

"का मोडेल? गहू तर तुम्ही काढून टाकलाय."

 काकूंची बोटं आपोआप ओठांवर आली. त्यांनी डब्याकडं बघितलं, मग पोरीकडं बघितलं, आणि त्या भुईवर फतकल मारून बसल्या.

"असं व्हय," त्या हळूच म्हणाल्या. "पोरीला उपास हाय. जलमाचा. मंग आधी असं सांगायचं ना वं! ग्लुटन-ग्लुटन काय लावलं हुतं? उपासाच्या भांड्याला म्या कधी खरकटं बोट लावलंय का? काय पाप केलं असतं म्या आज."

आणि एवढ्या मोठ्या आवाजाच्या काकू पदरात तोंड घालून रडायला लागल्या. त्यांना समजावायला मुक्ताबाई बसल्या. दीपा खिडकीकडं तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मी म्हटलं होतं ना, काही करू नका."

ती रागानं म्हणाली नाही. म्हणूनच जास्त लागलं. बिभीषणराव डबा घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसले.   जरा वेळानं संस्कृती येऊन शेजारी बसली, थोडं अंतर ठेवून. डब्यापासून.

"बाळा," ते म्हणाले, "तुझी आई म्हणेल तर आजच जा तू परत. मला राग नाही. मला भीती वाटते गं. कालही वाटत होती, परवाही वाटत होती. मिरचीच्या देठाची वाटली, फडक्याची वाटली, कोनाची वाटली. एवढं भिऊनसुद्धा बघ काय झालं असतं. माझ्या हातचं काही खाऊ नकोस तू."



"तुम्ही फडक्याला पण घाबरलात?"

"त्याला खळ असते."

"आणि मग ते वाले बाइट्स टाकून दिलेत?"

"टाकून कसं देणार? मी खाल्ले. दोन्ही खेपा. दात दुखतात अजून."

ती हसली नाही. दोन्ही हात गुडघ्यांत घालून म्हणाली, "आजोबा, सगळे मला सांगतात, मम्मीचं लक्ष नाहीये, खा हळूच एक, काही होत नाही. मावशी सांगते. शाळेतल्या टीचर सांगतात. मग मी एकटीच घाबरते. रोज. तुम्ही पहिलेच, जे माझ्याएवढे घाबरलात."

 सगळ्या नोकरीत, सगळ्या संसारात बिभीषणरावांच्या भित्रेपणाची फक्त टिंगल झाली होती. आज ही एवढीशी पोर त्यावर जीव टाकत होती. त्यांनी चिकाचा डबा उचलून पलीकडच्या बाजूला, तिच्यापासून लांब ठेवला.

"परत करू या," संस्कृती उठून म्हणाली. "मी सांगते तसं."

ती स्वयंपाकघरात शिरली. पहिल्यांदाच. ओट्याचा कोपरा तिनं स्वतः पुसून घेतला, आजोबांना नखं दाखवायला लावली, आणि फ्रीजमध्ये उरलेला मिरचीच्या देठाच्या दह्याचा चक्का हुंगून पास केला. भागिरथीकाकूंनी घरी जाऊन फ्रीज रिकामा केला. सगळा, वरपासून खालपर्यंत. मग अंघोळ करून, उपासाचं लुगडं नेसून, वड्यांची ताटली आत ठेवून, त्या फ्रीजपुढं पाट मांडून बसल्या. त्यांच्या पोरानं पाण्याची बाटली मागितली, तर त्याला गुळाचं पाणी पी म्हणाल्या. वैजनाथ सर चिकाचा डबा संपवण्याची जबाबदारी घेऊन आपल्या घरी गेले. अन्न टाकायचं नसतं, यावर त्यांचंही एकमत होतं.

उन्हं उतरल्यावर ताटली आली. वड्या गोल होत्या, पांढऱ्या होत्या, आणि जेवढ्या ठेवल्या तेवढ्याच होत्या. बिभीषणरावांनी त्या पुन्हा पुन्हा बघितल्या. काकू दारातच थांबल्या, हात मागं बांधून, उंबरठ्याच्या आत एक पाऊल न टाकता. दीपानं एक वडी उचलून उजेडात धरली, वास घेतला, आणि लेकीच्या तळहातावर ठेवली.

संस्कृतीनं वडी तोंडात टाकली.

 बिभीषणराव गुडघे टेकून तिच्या पुढ्यात बसले होते, तिच्या पोटाकडं टक लावून.

"काय गं? काही होतंय? दुखतंय? कळ? मळमळ?"

"आजोबा," पोरगी गालातल्या गालात वडी फिरवत बोबडं बोलली, "अजून मी गिळलंसुद्धा नाहीये."

मग तिनं गिळलं, ओठ पुसले, आणि दुसऱ्या वडीसाठी हात पुढं केला.